हिऱ्याला सांगितलेलं दुखणं

माणसाच्या तोंडावर खरं बोलायची हिंमत देवाने आमच्या मामाच्या वाट्याला दिलीच नव्हती. जी काय होती ती सगळी बैलांपुरती. रनाळ्याच्या पाटलांची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, तो जन्मभर हाकत आला, आणि मनातलं जे काही असेल ते बैलाला सांगायचं, फक्त ज्याने ऐकायला हवं तो माणूस जवळ उभा असायला हवा, ही त्याची रीत. लग्नाच्या वेळी सासऱ्याने "पोरगी पसंत शे का?" असं विचारलं, तर हा गडी उठून अंगणात गेला आणि तेव्हाच्या बैलाच्या पाठीवर थाप मारून ओरडला, "आपला घर आते लक्ष्मी ई ऱ्हायनी रे!" आत सगळ्यांनी साखर वाटली. माझ्या आईने एकदा वरण खारट केलं, तेव्हा मामाची बहिणीला बोलायची छाती होईना. गोठ्यातून आवाज आला, "हिऱ्या, तू सुखी शेस. तुन्हा कडबाले कोनी मीठ नही टाकस." आई दोन दिवस बोलली नाही, बैलाशीसुद्धा!

पुढे मामाचे हात थरथरू लागले. नंदुरबारच्या वैद्याने नाडी धरून सांगितलं, कंपवात आहे, वाढतच जाणार. आता गंमत बघा, हात थरथरला की कासरा थरथरे, आणि बैलांना वाटे, पळा म्हणताहेत! दमणी अशी उधळायची की पाटील आत गादीवर गचके खात खूश. "बैल नही, घोडा शेतस!" असं गावभर सांगत सुटले आणि एक दिवस चक्क मामलेदाराच्या टांग्याशी शर्यत ठरवून आले. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. सांगू नये तर एखाद्या वळणावर मालक गाडीखाली जायचे. सांगावं तर गाडी गेली, आणि गाडीशिवाय मामा म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

सकाळी पाटील ओट्यावर दात घासत बसलेले. मामाने बैल हौदावर आणले आणि हिऱ्याला आधी कपाशीचं सांगितलं, मग थंडीचं, मग शेजारच्या म्हशीचं.

"हिऱ्या, त्याले सांग, कामनं बोल!" पाटील खेकसले.

"हिऱ्या," मामा त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "तू पयस ते मन्ही हुशारी नही रे. मन्हा हातले कंपवात व्हयेल शे. हाऊ रोग वाढतच जाई. मालकले कसं सांगू?"

पाटलांनी चूळ भरली. उठून हिऱ्यापाशी आले आणि त्याच्याच कानाशी म्हणाले, "सांग तुन्हा गाडीवानले, कासरा मी धरसू. पन तो गाडीमा नही बठना, तं गाडी जागावरच ऱ्हाई."

शर्यत बारगळली. दुसऱ्याच बाजाराला पाटील जुवाजवळ आणि मामा मागे गादीवर, पाय कुठे ठेवावेत ते न कळून मांडी घालून बसलेला. रस्त्याने लोक थांबून बघत. दमणी बांधावर चढली, बाभळीत घुसली, एका कुंभाराचे माठ थोडक्यात वाचले. शेवटी मामाला राहवेना. जन्मात पहिल्यांदा तो बैलाकडे न बघता मालकाकडे बघून म्हणाला, "मालक, तुम्हले हाकता नही येस!"

पाटलांनी वळून पाहिलं. "मंग शिकाड ना," ते म्हणाले.

मामाने शिकवलं. पुढे त्याला हाताने घास घेता येईना, तरी शिकवत होता, आणि जीभ जड होऊन त्याचे शब्द कुणाला कळेनासे झाले तरीही. त्याला उचलून गादीवर बसवायचं काम पाटील कुणा गड्याला करू देत नसत. एवढी वर्षं शिकूनही त्यांना दमणी नीट हाकता आली नाही. मला आपलं वाटतं, त्यांना ते शिकणं संपवायचंच नव्हतं.