आधी बँडोनिऑन, मग चेलो

सिंगापूरच्या वुडलँड्समधल्या त्या फ्लॅटचं नाव काढलं की मला आधी आठवतात ते दुखणारे खांदे. दोन हजार सालानंतरची वर्षं. मी पन्नाशी ओलांडलेली, मुलीच्या परीक्षा चालू, नवरा मरीन इंजिनिअर, म्हणजे महिनोन्महिने पाण्यावर. घरातलं सगळं उरकून बसावं तर मांडीवर तान्ह्या पोराएवढं जड बँडोनिऑन.

ते अकॉर्डियनच्या जातीचं वाद्य त्यानेच आणलं होतं, अर्जेंटिनाच्या बंदरातून. "तुझ्यासाठी घडीची पेटी आणलीय," म्हणाला. आमच्या वस्तीतल्या जयंतीत माझा भाऊ गायचा आणि पेटीवर मी, लग्नानंतरही सुट्टी काढून जायचे. म्हटलं, ही काय, दोन आठवड्यांत वाजवते. काय तो तोरा बाईचा! भाता उघडताना एका बटणातून एक सूर, मिटताना त्याच बटणातून दुसराच. आणि बटणं पोळीवरच्या डागांसारखी कशीही पसरलेली. मी त्यांवर उघडतानाचे सूर लाल नेलपॉलिशने लिहिले, मिटतानाचे निळ्या पेनने. दोन वर्षांनी एक टँगो हाताला लागला. एकच.

खालच्या मजल्यावरची चिनी बाई घरी मुलांना चेलो शिकवायची. एक दिवस ती वर आली. तक्रार असणार म्हणून मी घाईने चहा टाकला. ती म्हणाली, "माझा चेलो वर आणू?"

बेत तिचाच. आधी चेलोवर एक संथ, जुनी युरोपियन धून, मग माझा टँगो, मग दोन्ही एकमेकांत मिसळलेले. कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी वाजवायचं ठरलं. मला फक्त एक हवं होतं: आयुष्यात एकदा तरी कुणाच्या गाण्यामागे न बसता वाजवायचं.

पण सराव चालेचना. दर वेळी तुकडा हळू हळू होत रेंगाळायचा. मुलगी खोलीतून ओरडायची, "आई, व्हाय सो स्लो? आपली लिफ्ट पण फास्टर, ला!"

शुक्रवारी तर दोघी मधेच थांबलो. तिने चेलोचा गज खाली घेतला.

"मी तुझी वाट बघतेय."

"अगं, मी तुझी बघतेय!"

ती कित्येक वर्षं ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसलेली, डोळे कंडक्टरच्या काठीवर. मी भावाच्या आवाजावर कान ठेवलेली. त्याने ओळ लांबवली की पेटी थांबायची. दोन करवल्या, आणि नवरीचा पत्ता नाही!

"टँगोत ठोका तुझा असतो. तू पुढे हो."

"छे, तूच हो. तू शिकलेली."

"हा नम्रपणा आहे की भीती?"

मला राग आला. त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं दिली नाहीत. रात्री खांद्याला बाम चोळताना मात्र कळलं. इतकी वर्षं मी या मागे राहण्याला संस्कार म्हणत होते. खरं कारण साधं होतं. गाणं पडलं की तोंड भावाचं पडायचं, पेटीवालीकडे कोण बघतो? हुशार हो बाई!

रविवारी नवरा नेमका घरी होता. दुसऱ्या रांगेत बसला. तिची संथ धून संपली, माझी पाळी आली, आणि सवयीने मी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले. मुद्दाम. शंकाकुशंका काढायला वेळच नव्हता. भाता गुडघ्यावर सोडला आणि निघाले. अशी निघाले की थांबेना! चार मिनिटांचा तुकडा तीन मिनिटांत संपवला. चेलो बिचारा मागून धापा टाकत आला. मधे दोन बटणं चुकली, सगळ्या हॉलने ऐकली, आणि ती माझीच होती.

"बोट सुटत होती का तुझी?" नवऱ्याने विचारलं.

घरी आल्यावर खूश व्हायचंही त्राण नव्हतं. पंख्याखाली फरशीवर आडवी झाले. बेल वाजली. ती बाई होती, हातात बामची बाटली.

"सोमवारी?" तिने विचारलं.

"हात मेलेत माझे."

"माझेही." ती शेजारी खाली बसली. "जरा सावकाश घेऊ. पण आधी तूच."

मी सरकून तिला पंख्याखाली जागा करून दिली.