साडेबाराचा फोन

माझ्या डाव्या बाजूच्या वरच्या दोन दाढा नाहीत. त्या किडल्या नव्हत्या, हलत नव्हत्या, कुणाच्या अध्यात नव्हत्या की मध्यात. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्या दुखणाऱ्या डोळ्याच्या खाली राहत होत्या. परभणीतल्या एका दंतवैद्यानं पहिली काढली. दुखणं थांबेना, तेव्हा त्यानं माझ्याकडं संशयानं पाहिलं आणि दुसरी काढली. तिसरीकडं त्याची नजर वळली तसा मी खुर्चीतून उठलो. ती तिसरी दाढ अजून शाबूत आहे आणि शेंगदाणे उत्तम फोडते.

या दुखण्याचं नाव क्लस्टर हेडेक, हे मला सात वर्षांनी नांदेडच्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं. मराठीत त्याला नाव नाही, त्यामुळं आमच्या ऑफिसच्या मते ते अस्तित्वातच नाही. वर्षातून दोन-अडीच महिने ते मुक्कामाला येतं आणि आमच्या कचेरीत कुणीही पाळत नाही इतकी वेळ पाळतं. माझं चार वाजून दहा मिनिटांनी येतं. डाव्या डोळ्यामागं कुणी तापलेली सळई घालून फिरवतंय असं वाटतं. डावी पापणी लोंबते, डावी नाकपुडी गळते, डाव्या डोळ्याला धार लागते. उजवा डोळा मात्र ठणठणीत कोरडा, जणू हे सगळं शेजाऱ्याच्या घरात चाललंय. बसवत नाही, निजवत नाही. पन्नास मिनिटं येरझाऱ्या घालायच्या आणि भिंत दिसली की तिला कपाळ टेकवून दाबायचं. पाच वाजता सगळं थांबतं, मी तोंड धुतो आणि चहा पिऊन आल्यासारखा पुन्हा फायलींशी बसतो.

आपल्याकडं डोकं दुखतंय म्हणावं आणि सल्ला मिळू नये, असं कधी झालेलं नाही. हेडक्लार्क म्हणाले, पित्त आहे. शिपाई म्हणाला, चष्म्याचा नंबर बदला, मी म्हणालो मला चष्माच नाही, तर म्हणाला, मग लावून बघा. शेजारच्या काकूंनी सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला लावली. ती मी एकवीस दिवस खाल्ली. दुखणं तिथंच राहिलं, पँट मात्र कमरेत होईना. डॉक्टरांनी अगदीच असह्य झालं तर घ्यायला एक महागडं इंजेक्शन लिहून दिलं आणि एरवी मास्क लावून ऑक्सिजन घ्यायला सांगितला, तो सिलिंडर मी रेकॉर्ड रूममध्ये ठेवला, तर साहेबांनी विचारलं, "आता चहा इथंच करणार का?" थोरल्या भावानं तर निकालच दिला. "डोकं सगळ्यांचंच दुखायलंय. तुझ्यासारखं कुणी नाचत न्हाई." बायकोचा विश्वास आहे, पण तिला ते बघवत नाही. सुट्टीच्या दिवशी चार वाजले की ती शेजारी जाऊन बसते. तिच्यावर मी रागावलेलो नाही. मला तरी कुठं बघवलं असतं?

आमची तिघांची गाठ घालून दिली ती स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्यानं. गिऱ्हाईकाची माहिती गुप्त ठेवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. भर गर्दीत तो ओरडला, "साहेब, तुमचंच इंजेक्शन नेणारे अजून दोघं हायेत! एक राणीसावरगावचे मामा, एक पेडगावची बाई. सगळे एकाच डोळ्यानं रडायलेत!" आणि पिशवीवर दोन नंबर लिहून दिले. मी त्याला चार शब्द सुनावले आणि घरी येऊन दोन्ही नंबर लावले.

मामा साठीचे. सोयाबीन, कापूस आणि भाड्यानं द्यायचं मळणीयंत्र. त्यांचं दुखणं पहाटे पाचला, उजव्या बाजूला. त्यांच्या तीन दाढा गेलेल्या, म्हणजे आमच्यात ते सीनियर. पेडगावची बाई तिशीतली, घरी ब्लाऊज शिवते. तिचं दुखणं भर दुपारी साडेबाराला. दाढ एकच गेलेली.

नियम मामांनी केला. "सल्ला द्यायचा न्हाई. कसं वाटायलंय म्हणून इचारायचं न्हाई. फोन चालू ठिवायचा आन् फकस्त मिनिटं सांगायची." सल्ला देणाऱ्याला दंड, पाव किलो जिलेबी स्वतः खायची. हा नियम किती शहाणपणाचा होता ते एकदा दुखण्यात सापडल्याशिवाय कळायचं नाही. त्या वेळी माणसाला वाटतं, हे आता संपणारच नाही. बाहेर कुणीतरी घड्याळ धरून उभं आहे आणि ते पुढं सरकतंय, एवढं कळलं तरी पुरतं. मामांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी बोलले नाहीत, की एका पहाटे ते विहिरीच्या काठावर जाऊन उभे राहिले होते. मग म्हणाले, "इस मिनिटांच्या पुढं माणसाला एकटं सोडायचं न्हाई. ध्यानात ठेवा."

तर पहाटे पाचला मामांसाठी मी. साडेबाराला बाईसाठीही मीच, कारण ती आमची जेवणाची सुट्टी. चार-दहाला माझ्यासाठी ती. रेकॉर्ड रूममध्ये मास्क लावून मी फिरतोय, कानात तिच्या शिलाई मशीनची घरघर आणि मधेच तिचा आवाज, "पंधरा झाली, भाऊ." जगात कुणी मला याहून कामाचं वाक्य ऐकवलेलं नाही.

आता यात लोकांना खटकण्यासारखं काय आहे? काहीच नाही, फक्त बाईच्या सासूनं फोन बघितला. सून रोज साडेबाराला एका परक्या पुरुषाशी पन्नास मिनिटं बोलते. सासूनं दाराआड उभं राहून ऐकलंही. पलीकडचा माणूस पाच मिनिटांत एकदा काहीतरी पुटपुटतोय आणि सून नुसती कण्हतेय. एवढा पुरावा मिळाल्यावर कुठल्या सासूची खात्री पटणार नाही? फोन काढून घेतला. वरून ही भिंतीवर डोकं आपटते, म्हणजे वेड तरी लागलंय नाहीतर सोंग तरी आहे. सोमवारी माहेरी नेऊन सोडायचं ठरलं, कायमचं.

हे तिनं मला शेजारणीच्या फोनवरून सांगितलं. माहेरी सोडतील त्याचं तिला इतकं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, चार दिस झाले, मिनिटं सांगायला कुणी न्हाई. काल मला घड्याळ दिसंना झालतं. मला भ्या वाटायलंय." मला मामांची विहीर आठवली. पेडगावातही विहिरी आहेत.

शनिवारी मामा गंगाखेडवरून रेल्वेनं आले, आणि त्यांना स्कूटरवर मागं बसवून मी निघालो. एका बाईवर परपुरुषाचा आळ आलेला असताना तो खोडून काढायला तिच्या दारात दोन परपुरुषांनी जावं, ही अक्कल आमचीच. दोन वाजता पोचायचं, तीनला निघायचं, चारच्या आत सिलिंडरपाशी. इंजेक्शन संपलं होतं, मेडिकलवाला आठवडाभर 'उद्या येईल' म्हणत होता. पण आमच्याकडं त्याहून जालीम औषध होतं. दोघांच्या फायली. एमआरआय, रक्त, डोळे, सगळे कागद तारीखवार लावलेले. मी कारकून आहे. कागद नाही म्हणून मी आजवर किती माणसांना दारातून परत पाठवलं असेल, त्याची गणती नाही. कागद दाखवला की माणूस ऐकतो, अशी माझी श्रद्धा.

सासूनं आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि बाजेवर बसवलं. "ल्योक कापूस घालायला गेलाय. आल्यावर बोलू." मग चहा आला. आपल्याकडं आरोपीलासुद्धा चहा दिल्याशिवाय आरोप सांगत नाहीत. बाई आत होती. पडद्याखाली तिची पावलं तेवढी दिसत होती.

लेक आला साडेतीनला. मी फाइल पुढं केली. त्याची बारावी झालेली, त्यानं पहिला कागद उलटला. "नॉर्मल." दुसरा उलटला. "नॉर्मल." डोळ्यांचा, नॉर्मल. रक्ताचा, नॉर्मल. मामांची फाइल घेतली. तीही आरपार नॉर्मल.

"नॉर्मल म्हंजी?" सासूनं विचारलं.

"म्हंजी काही झालेलं न्हाई," लेक म्हणाला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आजार शाबीत करायला पाच किलोमीटरवरून नाही, पार गंगाखेड तालुक्यातून माणूस आलेला, आणि पुरावा काय, तर आम्ही धडधाकट असल्याचे चाळीस कागद. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आधी आलं नाही. मी सांगायला गेलो, की हे दुखणं फोटोत दिसत नाही, डॉक्टर लक्षणांवरूनच ओळखतात. मामांनी मान हलवली. सासू शांतपणे म्हणाली, "आजारी माणसाच्या कागदात आजार असतोय. तुमच्या कागदात काहीच न्हाई. मंग तुमच्यात काय हाय?"

फायली गोळा करून मी उठलो. "बसा, अजून घोटभर घ्या," म्हणून तिनं पुन्हा चहा मांडला, कारण भांडण भांडणाच्या जागी आणि पाहुणचार पाहुणचाराच्या जागी. तेवढ्यात माझी डावी नाकपुडी चोंदली. मामांनी माझ्या पापणीकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "आलं काय?"

मला फार लाज वाटली. परक्याच्या घरी, ज्या बाईवरून बोलणी खाल्ली तिच्या सासूसमोर, आता मी नाचणार होतो. मी अंगणात पळालो. तुरीच्या काड्यांच्या ढिगापासून संडासाच्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या सुरू केल्या. चौथ्या खेपेला भिंतीला कपाळ लावलं आणि दाबलं. तोंडातून काय आवाज निघत होता ते मामांनाच ठाऊक. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, पण ते मिनिटं सांगेनात. चार-दहाची पाळी त्यांची नव्हती.

मग मागून आवाज आला. "पाच झाली, भाऊ."

ती पडदा सारून उंबऱ्यात आली होती. कुणाची परवानगी न घेता. नवरा काहीतरी बोलला, तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिची नजर ओसरीतल्या भिंतीवरच्या घड्याळावर. "धा झाली." थोड्या वेळानं, "पंधरा झाली, भाऊ. सरकायलंय."

विसाच्या सुमारास कुणीतरी माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं फिरवलं. सासू होती. तिनं डावा डोळा बघितला, उजवा बघितला, पुन्हा डावा बघितला. "ह्याचाबी एकच गळायलाय," असं ती म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. पुढची तीस मिनिटं ती त्याच जागी उभी होती. चहा चुलीवर उतू गेला, त्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

पाचला सगळं थांबलं. तिनं तांब्याभर पाणी दिलं.

"माझ्या सुनंला असंच व्हतंय?"

"असंच, मावशी."

"ती भिताडावर डोकं आपटायली तवा मी म्हणलं, मलाच दाखवायला करायलीय." एवढं बोलून ती आत गेली. माफी वगैरे काही मागितली नाही. फोनचं विचारलं तर लेक म्हणाला, "बघू." सोमवारचं विचारायची आमची छाती झाली नाही. बाई आतच होती. परत येताना स्कूटरवर मामा एकच वाक्य बोलले, "आपल्या फायली जाळून टाकाव्यात."

सोमवारी मी साडेबाराला डबा समोर ठेवून फोनकडं बघत बसलो. वाजला नाही. बारा-पन्नासला मी डबा बाजूला सारला. तिला नेलं असणार, वाटेत असेल, एसटीत असेल, एकटी असेल, वीस मिनिटं होत आली असतील. मी तिचाच नंबर लावला. कुणी उचलला तर काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

उचलला सासूनं.

"मावशी, ती..."

"गप ऱ्हावा," ती दबक्या आवाजात खेकसली. "मधी बोलू नका. मी मिनिटं सांगायलेय." मग फोन तोंडापासून बाजूला घेऊन, अगदी वेगळ्या आवाजात, "बावीस झाली, माय. बावीस झाली. मी हितंच हाय." आणि पुन्हा मला, "तुमी जेवा." फोन बंद.

मी डबा उघडला. हेडक्लार्क समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघून हात आवरता घेतला आणि विचारलं, "आज दुपारीच सुरू झालं का?" मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसेना, कारण माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. पण त्यांनी नीट बघितलं नव्हतं. त्या दिवशी ते दोन्ही डोळ्यांतून येत होतं.