भाऊजींचा आणखी एक पीळ

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, कुठलीही गोष्ट पुरेशी घट्ट झाली आहे हे पटत नाही. ते चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. त्यांनी आवळलेला स्क्रू ढिला झाल्याचं आजवर ऐकिवात नाही; फ्रेम तुटते. घरी बरणीचं झाकण त्यांनी लावलं की ती बरणी शोभेची झाली असं समजायचं. ताई म्हणते, आमच्या लग्नाची गाठही यांनीच बांधली असणार. हे ती चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणते, त्यामुळे ते कौतुक की तक्रार, हे भाऊजींना अजून कळलेलं नाही.

दुकान सुटलं की भाऊजी कॉम्प्युटरपुढे बसतात. व्हिडिओ चालवणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. सगळं जग ते तयार उतरवून घेतं. भाऊजी त्याचा कच्चा कोड आणतात आणि घरी बनवतात. कोडमधून चालतं सॉफ्टवेअर करून देतो तो कंपायलर. त्याला कामाला लावताना बारीकसारीक सूचना देता येतात, त्यांना म्हणायचं फ्लॅग. सूचना दिल्या नाहीत तरी तो बिचारा काम करतोच. पण सांगायची सोय असताना गप्प बसणं भाऊजींच्या रक्तात नाही. अमक्या फ्लॅगने वेग वाढतो असं कुणी कुठे लिहिलं, की तो यांच्याकडे दाखल. त्यांची सूचनांची ओळ स्क्रीनच्या एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपत नाही, खाली वळते. आम्ही हसायचो. मग आईच्या व्हिडिओचं निघालं.

आई गेली तेव्हा तिचा एकच व्हिडिओ मागे उरला. ताईने कसल्याशा स्वस्त कॅमेऱ्यावर काढलेला. स्वयंपाकघरात भाऊजी नवा नळ बसवतायत, मागे बाबा वर्तमानपत्राआड, आणि मध्ये आई उभी राहून काहीतरी बोलते आहे. काय बोलते ते कुणालाच आठवत नव्हतं. त्या कॅमेऱ्याच्या कंपनीने आवाज साठवायची स्वतःची वेगळीच तऱ्हा काढली होती. पुढे कंपनी बुडाली, आणि कुठल्याही प्लेअरवर आई दिसायची, पण ऐकू यायची नाही.

"माझं कौतुक करतायत," भाऊजी म्हणायचे.

"ओठ बघा जरा," ताई म्हणायची. "कौतुकाचे आहेत का?"

यंदा बाबांचा एक कान पुरता गेला आणि दुसरा त्याच वाटेला लागला. कानाचे डॉक्टर म्हणाले, तो किती टिकेल सांगता येत नाही. बाबा घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "मग तिचं ते एकदा ऐकवा." बाबा कधी कुणाकडे काही मागत नाहीत. मला रडू फुटलं, आणि ते दिसू नये म्हणून मी भाऊजींवर खेकसले. "इतकी वर्षं ते कंपायलर घेऊन बसलात ना? आता काय उजेड पाडायचाय तो पाडा!"

भाऊजींनी पाडला. ती बुडालेली तऱ्हा उलगडणारा भाग कुणा भल्या माणसाने त्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेला निघाला. फक्त तो मुद्दाम चालू करून सॉफ्टवेअर बनवावं लागत होतं. भाऊजींनी बनवलं, व्हिडिओ लावला आणि आवाज आला. आईचा नव्हे. पत्र्यावर खडी ओतावी तसला.

उपाय म्हणून भाऊजींनी आणखी एक फ्लॅग लावला. खडी जाड झाली. मग अजून एक.

"एखादा काढून बघितलात का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकानाला टाळं लावा म्हणाले. शेवटी त्यांनी आपली ती अख्खी ओळ त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या फोरमवर टाकली. कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं : सगळे फ्लॅग काढा, आधी बनवलेलं सगळं पुसा, पहिल्यापासून बनवा, मग बोला. "उद्धट दिसतोय," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी भाऊजी आणि मी बाबांकडे गेलो. बेल दाबली. पुन्हा दाबली. खिडकीतून बाबा दिसत होते, दारापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसलेले, स्वस्थ. मी काच बडवली तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. घरी आल्यावर भाऊजी शर्टही न बदलता कॉम्प्युटरपुढे बसले आणि फ्लॅग खोडायला लागले.

त्यातला एक निघाला 'फास्ट-मॅथ'. म्हणजे कंपायलरला सांगायचं, गणित जरा ढोबळ केलंस तरी चालेल, पण घाई कर. आईचा आवाज उलगडायला नेमकं बारीक गणित लागत होतं.

"हा कशाला लावला होता?"

"वेग वाढतो."

"कशाचा?"

भाऊजींनी तोही खोडला. एकही फ्लॅग न लावता, आवाजाचा तो भाग तेवढा चालू ठेवून, त्यांनी सॉफ्टवेअर पुन्हा बनवलं. ते बनेपर्यंत त्यांचे हात मांडीवर नुसते चुळबुळत होते.

आम्ही स्पीकर बाबांच्या चालत्या कानाशी ठेवला आणि आवाज पार वर नेला. आई बोलली.

"पुरे झालं हो जावईबापू, आता आणखी पीळ नका देऊ. तुटेल तो. बघा, ऐकतच नाहीत! अहो, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. अहो, ऐकताय ना?"

व्हिडिओतलं वर्तमानपत्र तसूभरही हललं नाही. मग भाऊजींनी पीळ दिला, नळ हातात आला आणि कॅमेरा बंद झाला.

"म्हटलं होतं," ताई म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. भाऊजी खाली मान घालून उभे होते. त्यांना चिडवायची इतकी नामी संधी आयुष्यात परत यायची नव्हती, पण मी ती जाऊ दिली.

"परत लावा," बाबा म्हणाले.

भाऊजींनी परत लावला. आई पुन्हा जावयावर वैतागली, पुन्हा मागे बाबांकडे वळली आणि तिने पुन्हा विचारलं.

"ऐकतोय गं," बाबा म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, खूप मोठ्याने. "ऐकतोय."