मूठभर राख आणि खालचा झिरा

शनिवारी सकाळी मी कर्दळीच्या वाफ्यात गुडघे टेकून खडीत हात घालत होतो, आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बसून ते बघत होती. तिच्या हातात चहाचा कप होता. माझा कप तिच्या शेजारी गार होत होता.

"आराम करी ऱ्हायनात का?" तिनं विचारलं.

मी हात आणखी आत घातला. खडीतून हात काढला तर कोपरापर्यंत राखाडी, बुळबुळीत थर आलेला. तेलाचाही वास होता. या वाफ्यातून असं काही निघायला नको होतं.

मी सांडपाण्याचं काम करतो. आश्रमशाळा, हॉस्टेलं, हॉटेलं यांचं वापरलेलं पाणी पुढं कुठं जातं, ते बघणारा माणूस. लग्नकार्यात कुणी विचारलं तर 'पाण्याचं काम करतो' एवढंच सांगतो. त्यापुढचं सांगितलं की समोरच्याचा घास हातातच राहतो. शहाद्यात ऑफिस आहे, मूळ गाव कळसाडी. बरीच वर्षं झाली या धंद्यात आणि आता खरं सांगायचं तर कंटाळा येतो. फोन वाजला की कुठं तरी काही तरी तुंबलेलं असतं. चांगलं चाललंय हे सांगायला कुणी फोन करत नाही.

म्हणून हिराभाऊचा फोन आला तेव्हा मलाही मोह झाला. हिराभाऊ प्रकाशा गावाकडचा, तापीकाठचा केळी-पपईवाला. सातपुड्यातल्या एका वनउद्यानातली जुनी इमारत त्यानं चालवायला घेतली आणि भोवती माती-बांबूच्या खोल्या उभ्या केल्या. पर्यावरणपूरक मुक्काम. सुरत, धुळे, नंदुरबारकडून लोक शनिवार-रविवारी येतात. तिथलं सांडपाण्याचं काम मीच केलं होतं.

"नाना, दोन दिन या. भाभीले बी लई या," तो म्हणाला. "कामनं नाव नही. निस्ता आराम."

आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. शनिवारी चहा घेता घेता तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "आलाच शेतस तर जरासं देखी ल्या. बेडमा पानी वर येई ऱ्हायनं."

सुनंदा फक्त म्हणाली, "माले माहीत व्हतं."

बेड म्हणजे काय ते सांगतो. याला आम्ही रूट झोन म्हणतो. सिमेंटचा लांब हौद, त्यात खडी भरलेली, वर कर्दळ लावलेली. स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी एका टोकानं आत शिरतं, खडीच्या आतून सावकाश सरकतं, मुळांपाशी राहणारे जिवाणू त्यातली घाण खातात आणि दुसऱ्या टोकानं बरंच स्वच्छ पाणी बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. एकच अट. पाणी खडीच्या आतून गेलं पाहिजे. वरून वाहायला लागलं की तो बेड नाही, उघडं गटार. इथं तेच चाललं होतं. पाणी वर आलं होतं, हौदाच्या कडेवरून सांडत होतं आणि उतारानं खाली नाल्याकडे चाललं होतं.

"ह्या बाया काहीबी टाकतस नालीमा," हिराभाऊ मागून म्हणाला. "मी रोज सांगस. आयकतस का त्या!"

त्या बायांपैकी एक तिथंच उभी होती. भुराबाई. खालच्या पाड्यावरची, स्वयंपाकघरात भांड्यांचं काम करणारी. मालकाचं बोलणं तिला कळलं की नाही, माहीत नाही. तिच्या घरी पावरी बोलतात, आमच्याशी ती शाळेतलं मराठी मोडून बोलते. तिच्या भाषेत अहो-जाहो नाही, सगळ्यांना तूच.

"दादा, तू वरचंच बघतोस," ती मला म्हणाली. "खाली चल. आमचं पाणी बघ."

मला उतरायचं नव्हतं. गुडघे दुखत होते. तरी गेलो. हिराभाऊ वरच थांबला.

नाल्याच्या कडेला वाळूत पाड्याचा झिरा आहे. झिरा म्हणजे हातानं उकरलेला खड्डा. त्यात बाजूनं पाणी पाझरतं आणि बाया वाटीवाटीनं हंडा भरतात. पाड्याला प्यायला हेच पाणी. भुराबाईनं बोट दाखवलं. झिऱ्यावर तेलाचा पातळ तवंग होता आणि कडेच्या वाळूवर तोच राखाडी थर.

"सकाळी सगळं उपसलं," ती म्हणाली. "परत आलं. पाड्यातले मला म्हणतात, तू वर भांडी घासतेस, आमच्या पाण्यात घाण सोडतेस. माझा नवरा बोलत नाही माझ्याशी. मी शेठला तीन वेळा सांगितलं. शेठ म्हणतो, बघू."

"मग तू काय करणार?"

"तू सांग. नाही तर उद्यापासून मी वर येत नाही. मी आले नाही तरी पाणी तर येणारच ना?"

 मी तिला हंडा भरू नको एवढंच सांगितलं आणि वर चढलो. चढताना फार वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. राग कुणाचा ते मात्र नीट कळत नव्हतं.

आता तेल कुठून आलं, हे कळायला अक्कल लागत नाही. आमच्या खान्देशातल्या माणसाला शेवभाजीवर बोटभर तर्री दिसली नाही तर तो आचाऱ्याला बोलावतो. हिराभाऊनं सुरुवातीला मेनूत उकडलेल्या भाज्या ठेवल्या होत्या. त्या पहिल्याच आठवड्यात गेल्या. हे होणार हे गृहीत धरूनच मी ग्रीस ट्रॅप मोठा ठेवला होता. ग्रीस ट्रॅप म्हणजे तेल अडवायची टाकी. तेल वर तरंगतं, पाणी खालून पुढं जातं, वरचं तेल रोज काढून टाकायचं. मी झाकण उघडलं. तेल काढलेलं होतं, ट्रॅप ठीक होता. त्याच्या पुढं गाळ बसायचा चेंबर. त्याचं झाकण उचललं आणि तिथंच बसलो. चेंबर तळापासून गळ्यापर्यंत राखेनं भरलेला. ट्रॅपखालून राखेबरोबर निसटलेल्या तेलाशी मिसळून तिचा साबणासारखा लगदा झाला होता. चेंबर भरल्यावर राख पुढं बेडमध्ये गेली आणि खडीच्या फटीत जाऊन बसली. पाण्याला आत जायला वाटच राहिली नव्हती.

इथं साबण वापरत नाहीत, हे मला माहीत होतं. दारातच पाटी आहे, 'साबणमुक्त मुक्काम. आमची भांडी राखेनं घासली जातात.' चांगलीच गोष्ट आहे. पण भांड्याला चिमूटभर राख लागते. त्यानं हा चेंबर वर्षभरातही भरला नसता.

"इतली राख कथाइन उनी?" मी हिराभाऊला विचारलं.

"चूलनी शे, नाना. दुसरी कथाइन येई?"

मी लगदा बोटांत चोळून बघितला. त्यात उसाच्या चिपाडाचे काळे, न जळलेले धागे होते. मी कळसाडीचा. लहानपणी थंडीत गुऱ्हाळाच्या भट्टीशी बसूनच मोठा झालो.

"हिराभाऊ, हाई चूलनी राख नही. हाई गुऱ्हाळनी शे."

 तेवढ्यात स्वयंपाकघरामागून टाळ्यांचा आवाज आला. मी जाऊन बघितलं.

नाश्ता झालेला होता. सुरतेकडची एक मंडळी ओट्याभोवती उकिडवी बसली होती. पँटवाले पुरुष, गॉगलवाल्या बाया. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं ताट आणि नारळाची शेंडी. मधोमध राखेचं पोतं उघडं. एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता, बाकीचे मुठीमुठीनं राख घेऊन ताट घासत होते. घरी ज्यांनी कधी चमचा विसळला नसेल, ते इथं घाम गाळत होते. ज्याचं ताट जास्त चकाकेल त्याच्यासाठी टाळ्या. याला हिराभाऊच्या भाषेत 'गावाकडचा अनुभव' म्हणतात. शनिवार-रविवार, तिन्ही त्रिकाळ.

"पाव्हनासले मूठभर लागस," हिराभाऊ खालच्या आवाजात म्हणाला. "चूल कितली देई? मंग गुऱ्हाळवरथून पोता लयनू."

म्हणजे साबण नको म्हणून राख आली. राखेची मजा वाटली म्हणून पोती आली. पोती बेडमध्ये गेली आणि बेड बंद पडला. एकानंही वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. त्यामुळं तर भांडायचं कुणाशी, हाच प्रश्न होता.

"आते काय?" त्यानं विचारलं.

"इनलेट बंद करना पडी. खडी काढी, धुई, परत भरनी पडी."

"आज? बठ्ठ्या खोल्या भरेल शेतस, नाना!" तो हात जोडून म्हणाला. "एक काम करा. एक पाइप टाकी द्या. झिराना खाले पानी काढी द्या. बाया बी खूश, मी बी खूश. सोमवारले बठ्ठं साफ करसूत."

हे करता आलं असतं. पाइप गोडाउनमध्ये पडलेला होता. तासाभराचं काम. मग मी अंघोळ करून झोपाळ्यावर बसलो असतो आणि दुपारी वरणबट्टी खाऊन झोपलो असतो. मी फार थकलेलो होतो आणि खरोखर त्या गोडाउनच्या दाराकडे बघत होतो.

सुनंदा झोपाळ्यावरून उठून आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्याना खाले बी कोन्ही तरी पानी पेस," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमी बंद करा. जेवनानं मी देखस."

मी चेंबरपाशी गेलो आणि व्हॉल्व्ह फिरवला. स्वयंपाकघराची मोरी बंद.

"मन्हा पाव्हना काय म्हन्तीन!" हिराभाऊ कपाळाला हात लावून खाली बसला.

पाहुण्यांना पळसाच्या पत्रावळीवर जेवायला मिळालं. सुनंदानं भुराबाईला आणि आणखी दोघींना बरोबर घेतलं, पानं आणली, व्हरांड्यात बसून टाचली. मोजकी मोठी भांडी राहिली, ती लांब भेंडीच्या वाफ्यात नेऊन घासली. चिमूट चिमूट राखेनं. वाफ्यातल्या मातीला ती राख चालते. खडीला चालत नाही. जेवण झाल्यावर सुरतेचे एक गृहस्थ मला येऊन म्हणाले, "भाईसाब, वो राखवाली एक्टिविटी अब कब है?" मी चिखलानं भरलेला, माझ्या हातात फावडं. मी त्यांना ते फावडं पुढं केलं. ते हसत हसत निघून गेले.

रविवारी पाड्यावरचे लोक आले. भुराबाईचा नवराही आला. आम्ही कर्दळ उपटून सावलीत ठेवली, खडी काढली, चाळली, धुतली, परत भरली. धुण्याचं पाणी एका खड्ड्यात सोडलं. हिराभाऊनं तोंड वाकडं करत का होईना, फावडं घेतलं, हे सांगितलं पाहिजे. सुनंदा तेवढ्यात एकटीच उद्यानात फिरून आली. धबधबा कोरडा होता म्हणाली. आमच्या सुट्टीचं वर्णन विचाराल तर एवढंच.

निघताना मी हिराभाऊला दोन अटी घातल्या. राखेचा खेळ बंद. आणि झिऱ्याच्या पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत पाड्याला पाणी त्याच्या टाकीतून, त्याच्या ट्रॅक्टरनं. तवंग गेला म्हणजे पाणी चांगलं झालं, असं नसतं. तो कुरकुरला. पण ट्रॅक्टर गेला.

झिरा अनेकदा उपसला, वाळू बदलली, मग नमुना तपासायला दिला. रिपोर्ट चांगला आला. तो फोनवर सांगता आला असता. पण भुराबाईला फोनवर काय सांगणार, म्हणून मी परत गेलो. हिराभाऊही माझ्याबरोबर झिऱ्यापर्यंत उतरला. पाड्यातली बरीच मंडळी जमली होती.

"पाणी चांगलं झालं," मी म्हणालो. "तरी उकळून घ्या. आम्ही सगळीकडे तसंच सांगतो."

"तुम्ही लोक यायच्या आधी आम्ही उकळत नव्हतो," भुराबाई म्हणाली.

ती खाली वाकली, वाटी झिऱ्यात बुडवली आणि भरून माझ्यापुढं धरली.

"चांगलं झालं म्हणतोस ना दादा? मग पी."

इतकी वर्षं मी कामं पूर्ण झाली म्हणून सह्या करत आलो. असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळे बघत होते. मी वाटी घेतली आणि प्यायलो. पाणी गार होतं, वाळूची किंचित चव होती. भुराबाईनं वाटी परत घेतली, पुन्हा भरली आणि हिराभाऊपुढं धरली. त्याच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी नाल्याकडे बघितलं. मग त्यानं बाटली वाळूत ठेवली आणि डोळे मिटून वाटी रिकामी केली.

त्यानंतर भुराबाईनं हंडा भरला. तिच्या नवऱ्यानं तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

हिराभाऊच्या दारात ती पाटी अजून आहे. ती खोटीही नाही. पण पाणी पाटी वाचत नाही, उतार बघतं. नवीन साइटवर गेलो की मी आता ड्रॉइंग नंतर उघडतो. आधी उतारानं खाली चालत जातो आणि पहिली वाटी कुणाची लागते ते बघून येतो. गुडघे दुखतात, पण जातो. कारण काम झाल्यावर ती वाटी कुणी तरी माझ्यापुढं धरू शकतं.