ठिणग्या माझ्याच डोळ्यांपुढे होत्या

डॉक्टरीणबाईंनी माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती तापली आणि पांढरी होऊन गोठली. बाईंनी नळी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"टॉक्सेमिया," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात ब्लडप्रेशर चढतं, लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन जातं. झटके आले तर तुम्हीही जाल आणि बाळही. इतके दिवस काय करत होतात?"

या आजाराला आता प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात.

इतके दिवस आम्ही पोलिसांना शिव्या देत होतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, लालबागला आमच्या चाळीखाली अश्रुधूर सोडलेला. मला आठवा महिना. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे ठिणग्या नाचत होत्या. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "अगो, पोलिसांनी धूर सोडलो हा. माजे पण डोळे चुरचुरतत." पाय सुजले होते, ते तर सगळ्यांचेच सुजतात म्हणे. मलाही पटलं.

दोन दिवसांत धूर विरला, सगळ्यांचे डोळे निवळले. माझे नाही. तरी मी गप्प. नव्या सुनेला नाजूक म्हणतील, याचीच मला जास्त भीती. केवढा मूर्खपणा! तिसऱ्या दिवशी मला धड दिसेना, मी चहा कपाऐवजी ह्यांच्या मांडीवर ओतला, तेव्हा हे हादरले. हरताळामुळे टॅक्सी मिळेना. मला हातगाडीवर निजवून परळच्या इस्पितळात आणलं.

अंधाऱ्या खोलीत ठेवलं. उजेडाने, आवाजाने झटका येईल म्हणून कुणी बोलायचंसुद्धा नाही. औषधाच्या गुंगीत मी पोटावर हात ठेवून बाळ हलतंय का ते बघत राही. कधी तासभर हलायचं नाही. आयुष्यात इतकी मी कधी भ्याले नाही.

चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता थांबण्यात धोका आहे," आणि ऑपरेशन केलं. मुलगी झाली, ओंजळीएवढी. बराच वेळ ती रडलीच नाही. मग रडली. त्या बाईंचे उपकार मी कसे फेडू?

सासूबाई खाटेशी येऊन रडू लागल्या. "माका नीट सांगलंस कित्याक नाय गो?"

सांगितलं होतं, पण एकदाच आणि हळू आवाजात.

तुमच्या घरातली गरोदर बाई डोकं दुखतंय, डोळ्यांना कसंतरी होतंय म्हणाली, तर कारणं शोधत बसू नका. आधी प्रेशर आणि लघवी तपासून घ्या. आणि बायांनो, कुणी ऐकेपर्यंत सांगत राहा. नाजूक म्हणाले तर म्हणू द्या. मी तीन दिवस माझं नाव राखलं आणि लेक गमावायची वेळ आणली.