अकरा महिन्यांचा अबोला आणि एकशे आठ

छातीत दुखायला लागलं की माणूस आधी पित्ताचं नाव घेतो. बत्तीस वर्षं मी आरोग्य सेविकेची नोकरी केली, बहुतेक मंठा तालुक्यातल्या खेड्यांत, आणि या पित्ताशी माझं जुनं वैर. गावोगावी बायाबाप्यांना समोर बसवून मी सांगायची, की छाती जड झाली, दरदरून घाम फुटला, जबडा दुखायला लागला, तर ओवा चावत बसू नका, सोडा पिऊ नका, सरळ दवाखाना गाठा. एक आजोबा असेच छातीत कळ आलेली असताना घरी दाढी करून, धुतलेला सदरा घालून निवांत आले होते. त्यांना मी सगळ्यांसमोर असं झापलं की आजोबा बरे झाले तरी त्यांच्या सुनेचा माझ्यावरचा राग गेला नाही.

तर मागच्या जानेवारीत, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, माझ्या स्वतःच्या छातीत दुखायला लागलं आणि मी ओवा खाल्ला.

घरात एकटीच होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात असतो. जालन्यात मंठा रोडला आमची रो-हाउसची ओळ आहे, तिथे मी राहते. ओवा खाल्ला, त्यावर कोमट पाणी प्यायले आणि ढेकर येईल म्हणून खुर्चीत वाट पाहत बसले. ढेकर आली नाही. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं आणि तो जडपणा हळूहळू जबड्यात चढत होता. मग घाम आला. थंडीचे दिवस, खिडक्या बंद, अंगावर शाल, आणि गाऊन पाठीला चिकटलेला. आता पित्ताचं नाव घ्यायला जागाच उरली नाही.

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी एक निरोप फिरतो, की एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका, जीव वाचेल. तो टाकणाऱ्या एका काकांना मी ग्रुपवरच सुनावलं होतं, की खोकण्याने काही होत नाही, नुसता वेळ जातो, आधी फोन करायचा. पण आता कुणी बघत नव्हतं, म्हणून मी दोनदा खोकून पाहिलं. घसा तेवढा दुखला.

एकशे आठला फोन करायचा हे मला कळत होतं. जिने बत्तीस वर्षं दुसऱ्यांना तेच सांगितलं तिला कळणारच. पण रुग्णवाहिका येणार म्हणजे माणसं घरात येणार, आणि दिवाणावर आदल्या दिवशीच्या धुण्याचा ढीग पडलेला, त्यात सगळ्यात वर माझे परकर. मी उठले आणि घड्या घालायला बसले. तीन परकर झाले. चौथ्याला हातात जोरच राहिला नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दाढी करून आलेल्या आजोबांची मी मनातल्या मनात माफी मागितली आणि फोन उचलला.

पलीकडची मुलगी शांत होती. वय विचारलं, त्रास विचारला, पत्ता घेतला. मग म्हणाली, "मॅडम, ड्रायव्हरला सोपी खूण सांगा."

इथे मी अडकले. मी आधी देऊळ सांगितलं, मग पाण्याची टाकी सांगितली. ती म्हणाली, देवळं तर त्या रोडला चार आहेत. आमच्या सगळ्या ओळीत खूण म्हणावी असं एकच घर आहे, समोरून वरपर्यंत निळी चकचकीत फरशी लावलेलं. रिक्षावाले, गॅसवाले, लग्नाच्या पत्रिका वाटणारे, सगळे त्याच घरावरून पत्ता शोधतात. ते माझ्या शेजारचं घर, आमची भिंत एक. आणि त्या घरातल्या बाईशी मी अकरा महिने बोलत नव्हते.

तिला मी भाभी म्हणते, ती मला सिस्टर म्हणते. मूळचं राजस्थानचं कुटुंब, पण चार पिढ्या जालन्यात गेलेल्या. नवरा आणि मुलगा जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानात जातात, दिवसभर घरात ती एकटी. दहा वर्षं आमचं इतकं चांगलं होतं की तिच्याकडची कढी आणि माझ्याकडचा ठेचा यांना दार वाजवावं लागत नव्हतं. मग एका सकाळी मी गच्ची धुतली. फिनाइलचं पाणी पाइपातून तिच्या गच्चीवर गेलं आणि तिथे चादरीवर मुगाचे पापड वाळत होते. ती म्हणाली, पाणी सोडायच्या आधी बघायचं. मी म्हणाले, पापड घालायच्या आधी पाइप बघायचा. झालं, तिथून अबोला. आठच दिवसांपूर्वी संक्रांत झाली होती, पण तिचा तिळगूळ माझं घर सोडून सगळीकडे गेला आणि माझा तिचं घर सोडून. मरेपर्यंत मी पहिली बोलणार नाही, असं मी मुलाला फोनवर सांगितलं होतं. ते तपासून पाहायची वेळ इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

"निळ्या फरशीच्या घराशेजारी," मी शेवटी फोनवर सांगितलं.

मुलीने ॲस्पिरिन घरात आहे का, त्या गोळीचा कधी त्रास झालाय का, पोटात अल्सर आहे का, हे विचारलं आणि एक गोळी चावून खायला सांगितली. ती माझ्या पर्समध्ये असतेच, दुसऱ्यांसाठी. "दाराचं कुलूप काढून ठेवा, बसून राहा आणि शेजारच्यांना बोलवा. एकट्या थांबू नका," ती म्हणाली. मी बरं म्हणाले. भाभीचा नंबर मी फोनमधून कधीच काढून टाकला होता. मुलाला लावावं का, असंही मनात आलं, पण पुण्याहून यायला सहा-सात तास, आणि ते सगळे तास तो गाडीत नुसता घाबरला असता.

जाळीच्या दाराचं कुलूप काढलं, दार लोटलं, आणि तिथेच खाली भिंतीला टेकून बसले. भिंत तीच, आमच्या दोघींची. हातात कुलूप होतं. मी ते भिंतीवर तीनदा आपटलं.

पलीकडून लगेच तीनदा आलं, माझ्यापेक्षा जोरात.

यात भाभीची चूक नव्हती. अबोला धरला म्हणून आम्ही गप्प थोड्याच होतो. माझ्या दुपारच्या झोपेच्या वेळी ती मिक्सर लावायची, मग मी भिंत वाजवायची, मग ती वाजवायची, मग मी. हे सगळं अकरा महिने नेमाने चाललेलं. आजही तिला वाटलं असणार की नर्सबाईला सकाळी सकाळी भांडायची खुमखुमी आली. मी पुन्हा वाजवायला हात उचलायला गेले, तो खांद्याच्या वर जाईना. तेव्हा मला खरी भीती वाटली. आतापर्यंत मी स्वतःचीच गंमत बघत असल्यासारखी वागत होते. आता समजलं की दार उघडं आहे, गोळी खाल्ली आहे, गाडी निघाली आहे आणि तरी ती इथे पोचेपर्यंत मी या फरशीवर एकटी मरू शकते. मला मरायचं नव्हतं. परकर, पापड, कॉलनी काय म्हणेल, यातलं काहीच मनात राहिलं नाही. होता तेवढा सगळा जीव एकवटून मी हाक मारली, "भाभी."

ती आली. पायांत चप्पल नाही, हाताला कणीक लागलेली.

"सिस्टर, काय होऊन राह्यलं?"

"हार्ट. गाडी येतीय."

तिने मला नीट टेकवून बसवलं, पाय दुमडून दिले, शाल अंगावर टाकली आणि रस्त्यावर धावली. उघड्या दारातून मला ती दिसत होती. घरातून पदर सांभाळून बाहेर पडणारी ही बाई भर रस्त्याच्या मधोमध कणकेचे हात वर करून उभी राहिली. एमआयडीसीकडे निघालेला एक टेम्पो थांबला, त्याच्यामागे चार मोटारसायकली थांबल्या, आणि त्या सगळ्यांना तिने रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करायला लावली. गाडी आली तेव्हा तिला निळं घर शोधावंच लागलं नाही.

गाडीत भाभी माझ्या शेजारी बसली. डॉक्टर पट्ट्या चिकटवत होते, सुई लावत होते, आणि मी तिचं मनगट घट्ट धरून होते. ती माझ्या तोंडाजवळ वाकली आणि तिचं नाक आखडलं.

"तुम्ही ओवा खाल्ला?"

मी डोळे मिटून घेतले.

"दुनियेला भाषण देता अन् स्वतः ओवा खाता? बिलकुल अक्कल न्हाई का तुम्हाला? अन् बोलू नका आता, गप पडून राहा."

दवाखान्यात त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी मला सांगितलं की अजून तासभर घरी बसले असते तर अवघड होतं. त्याआधीची काही मिनिटं परकरांच्या घड्यांवर गेली होती हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला वॉर्डात आणलं. पुण्याहून आलेला मुलगा औषधं आणायला खाली गेला होता आणि भाभी स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. तीन दिवस ती रोज येत होती. मला थोडं बरं वाटत होतं, म्हणजे जुना स्वभाव परत आला होता. आपण केवढा मोठेपणा दाखवला याची तिने दखल घ्यावी असं मला फार वाटत होतं.

"एक मात्र आहे, भाभी," मी म्हटलं. "पहिली हाक मी मारली. अबोला मी मोडला."

"कोणती हाक?"

"भाभी म्हणून ओरडले की मी. तुम्ही ऐकूनच आलात ना?"

"न्हाई हो. तुमचा तर आवाजच न्हाई आला. मी आले तवा तुमचे नुसते ओठ हलून राह्यले होते."

"मग आलात कशा?"

तिने मोसंबीची साल खाटेशेजारच्या टेबलावर ठेवली. "तुम्ही वाजवलं, मी वाजवलं. मंग थांबले. तुमचं उलटून काहीच आलं न्हाई. अकरा महिन्यात असं एकदाबी झालं न्हाई. म्हणलं, ही बाई धड असती तर वाजवल्याबिगर राह्यली नसती. अन् हातातली कणीक तशीच टाकून पळाले."

म्हणजे पहिली बोलली ती तीच. अकरा महिने मी ज्या गोष्टीची वाट पाहिली ती होऊन गेली होती, आणि मला आनंद काही होईना. मी तिच्याशी किती चिवटपणे भांडते हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं, की मी भांडले नाही म्हणून ती अनवाणी धावली. माझ्या गप्प होण्याने घाबरेल असं माणूस भिंतीपलीकडे होतं आणि मी त्याला संक्रांतीला एक वडी दिली नव्हती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"भाभी, पापडांचं माझंच चुकलं होतं," मी म्हटलं.

"मालूम आहे," ती म्हणाली आणि मोसंबीची फोड माझ्या तोंडाशी धरली. "खा जल्दी, नर्स येऊन राह्यली."

यावर मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी तोंड उघडलं आणि फोड खाल्ली.