ताईचं हिरवं लुगडं

ताईला सातवा लागला आणि घरात सगळ्यांना एकच घोर लागला, तिच्या ओटीभरणाला हिरवं लुगडं आणायचं कुठून? साल दुष्काळाचं. सूत मिळेना म्हणून सोलापुरातले निम्मे माग थंड, आणि वडिलांच्या रंगखान्यात काम असलं तर असलं. सासरची माणसं वैरागहून येणार होती. माहेरचं हिरवं लुगडं अंगावर नसतं, तर ताईला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. आई शेजारणीकडं लुगडं मागायला निघाली. मी दारातच आडवी आले. उसनं लुगडं ताईला नेसवायचं? मी मेले तरी होऊ देणार नव्हते. पेटीतलं पांढरं सुती लुगडं काढलं आणि सांगून टाकलं, मी रंगवते.

रंगखान्यात हौदाच्या तळाशी उरलेला रंग गटारात सोडत. वडील त्यातला डबाभर घेऊन आले आणि थकून लवंडले. मी झाकण काढलं तर आत पिवळसर हिरवं पाणी! देव पावला म्हटलं. कुणाला विचारायचं कशाला? लुगडं बुडवलं, काठीनं ढवळलं, पिळून दोरीवर टाकलं. छान हिरवं दिसत होतं. आईला बोलवायला आत गेले आणि बाहेर येते तो काय, लुगडं काठापासून निळं पडत चाललेलं. बघता बघता सगळंच निळं झालं.

वडील उठून आले आणि पोट धरून हसले. ती नीळ होती. नीळ रंगाच्या हौदात हिरवी दिसते, वारा लागला की निळी होते. रंगाऱ्याच्या पोरीला एवढं कळू नये? मला असा संताप आला की डबाच लाथाडला.

पण हात टेकणारी मी नव्हते. निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा होतो, हे तर मला ठाऊक होतं. घरातली होती नव्हती ती हळद तुरटीच्या पाण्यात उकळली आणि लुगडं त्यात घातलं. वडील म्हणाले, हळद पक्की नसते, घामानं सुटंल. मी म्हटलं, एक दुपार टिकली तरी बास. वाळल्यावर लुगडं कडुलिंबाच्या पाल्यासारखं झालं, जरा डागाळलेलं, पण हिरवं.

ओटीच्या दिवशी उकाडा मरणाचा. ताई पाटावर बसली आणि थोड्याच वेळात तिच्या मानेवर, दंडावर पिवळे ओघळ आले. तिच्या सासूबाईंनी बोटानं तिची मान पुसली, बोट सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि म्हणाल्या, "लुगड्याचा रंग जातोय की."

आईनं मान खाली घातली. सासूसमोर आजवर ब्र न काढलेली माझी ताई पदर सावरून ताठ बसली.

"जाऊ द्या की," ती म्हणाली. "माज्या बहिणीनं रंगवलंय. जातोय तो माज्याच अंगाला लागतोय."

सासूबाईंनी बोट स्वतःच्या पदराला पुसलं आणि ओटीचं ताट पुढं ओढलं. मी मात्र सगळ्यांच्या देखत भोकाड पसरलं.